ज्वालारोधक रसायनांचा पिकांवर होणारा विषारी परिणाम कसा तपासावा : कुंडीतील चाचणीचे टप्पे

टीव्हीचे कवच, संगणकाचे सर्किट बोर्ड, सोफ्याचा फोम, विजेच्या वायरींचे आवरण अशा वस्तूंनी लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यांत ज्वालारोधक रसायने मिसळलेली असतात. भंगार मोडताना, उघड्यावर जाळताना आणि सांडपाण्याचा गाळ खत म्हणून वापरताना ती शेतजमिनीत उतरतात. पिकांवर त्यांचा काय परिणाम होतो हे तपासणारे विद्यार्थी-प्रकल्प बहुधा एकाच जागी घसरतात. रोप खुरटल्याचे दिसते, परंतु ते ज्वालारोधकामुळेच खुरटले हे दाखवता येत नाही, कारण रसायन विरघळवण्यासाठी वापरलेले ॲसिटोन, मातीतील तांबे, क्षार, औषध लावलेले बियाणे किंवा मुळात न विरघळलेले रसायन यांपैकी कोणताही घटक तोच परिणाम दाखवू शकतो. पुढील टप्पे या शक्यता एकेक करून बाद करण्याच्या क्रमाने मांडले आहेत. निम्म्याहून अधिक काम पेरणीच्या आधीचे आहे आणि तेच सर्वाधिक टाळले जाते.

टप्पा १ : रसायन एकच निवडा आणि त्याचा स्वभाव आधी समजून घ्या

‘ज्वालारोधक’ हे एका रसायनाचे नाव नाही. चाचणीची पद्धत रसायनाच्या पाण्यातील विद्राव्यतेवर ठरते, म्हणून निवड करताना पुढील तीन उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवावीत.

पहिले डेकाबीडीई, म्हणजे पीबीडीई (पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल इथर) या ब्रोमिनयुक्त ज्वालारोधकांच्या गटातील दहा ब्रोमिन अणू असलेले संयुग. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मातीतील सेंद्रिय पदार्थाला घट्ट चिकटते आणि वनस्पतीत शिरले तरी प्रामुख्याने मुळांतच राहते. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पीबीडीईचे पेंटा व ऑक्टा प्रकार २००९ मध्ये आणि डेका २०१७ मध्ये समाविष्ट झाले. यादीत आल्याने उत्पादन थांबते, जमिनीत आधीच साठलेले रसायन मात्र हटत नाही.

दुसरे टीसीईपी, हे क्लोरिनयुक्त फॉस्फेट आहे. ते लिटरमागे सुमारे सात ग्रॅम इतके विरघळते, त्यामुळे मुळांतून शोषले गेल्यावर बाष्पोत्सर्जनाच्या प्रवाहाबरोबर थेट पानांत पोहोचते.

तिसरे टेट्राब्रोमोबिस्फेनॉल-ए, म्हणजे टीबीबीपीए, जे सर्किट बोर्डांच्या इपॉक्सीत वापरतात. या लेखातील गणित त्यासाठी केले आहे, कारण आपल्या जमिनींशी त्याचा एक खास संबंध आहे. त्याचा पहिला हायड्रोजन सुमारे ७.५ सामूला आणि दुसरा सुमारे ८.५ सामूला सुटतो. सामू ५ असताना ते लिटरमागे जेमतेम ०.१५ मिलिग्रॅम विरघळते, ७ असताना सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास आणि ९ असताना सव्वादोन मिलिग्रॅमहून थोडे अधिक. दख्खनच्या काळ्या जमिनींचा सामू साधारणपणे ७.५ ते ८.५ असतो. त्यामुळे आम्लधर्मी जमिनीवर केलेल्या परदेशी प्रयोगांचे आकडे या जमिनींना जसेच्या तसे लावू नयेत. येथे मुळाभोवतीच्या पाण्यात हे रसायन तुलनेने अधिक प्रमाणात उपलब्ध असू शकते.

नेहमीची चूक : टीबीबीपीए किंवा डेकाबीडीई पाण्यात ‘लिटरमागे ५० मिलिग्रॅम’ टाकून पेट्री-बशीतील गाळणकागदावर बिया ठेवणे. विद्राव्यतेच्या मर्यादेपलीकडचे रसायन स्फटिकरूपात बशीच्या तळाशी बसते आणि मुळापर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर काढलेला ‘५० मिलिग्रॅमलाही परिणाम नाही’ हा निष्कर्ष निरर्थक असतो. पेट्री-बशीची चाचणी टीसीईपीसारख्या विद्राव्य रसायनासाठी वापरावी. बाकीच्यांसाठी मातीच हवी.

टप्पा २ : माती मिळवा, तपासा आणि नोंदवा

मात्रा मिसळण्यासाठी वापरायची माती स्वच्छ हवी. भंगाराचे गोदाम, विटांची भट्टी, हमरस्ता यांपासून दूर असलेल्या आणि अलीकडे तणनाशक न मारलेल्या शेतातील वरच्या १५ ते २० सेंटिमीटरच्या थरातून ती घ्यावी. सावलीत वाळवावी, ढेकळे लाकडी हातोड्याने फोडावीत आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावी. काळी माती पूर्ण वाळली की दगडासारखी होते, म्हणून ती अर्धवट ओलसर असतानाच फोडून घेतलेली बरी.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिका क्रमांक २०८ मध्ये रोप-उगवण चाचणीसाठी सेंद्रिय कर्ब दीड टक्क्याहून कमी आणि सामू ५ ते ७.५ असलेली माती सुचवली आहे. काळी माती सामूच्या अटीत बहुधा बसत नाही. ती वापरायला हरकत नाही, पण ही तफावत अहवालात स्पष्ट लिहावी आणि तुलना त्याच मातीच्या नियंत्रण कुंड्यांशीच, म्हणजे ज्वालारोधक न मिसळलेल्या कुंड्यांशीच, करावी. सेंद्रिय कर्बाचा आकडा मात्र टाळता येत नाही. कर्ब दुप्पट असलेल्या मातीत तीच मात्रा बरीच सौम्य ठरू शकते, कारण रसायन कर्बाला चिकटून राहते.

मातीचा सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, जलधारण क्षमता आणि चिकणमातीचे प्रमाण हे पाच आकडे पेरणीपूर्वी हातात हवेत.

सावधान : माती प्लॅस्टिकच्या पिशवीत साठवू नका. फॉस्फेट प्रकारची ज्वालारोधके प्लॅस्टिकमध्ये मृदुकारक म्हणूनही असतात, आणि ट्रायफेनिल फॉस्फेट तर नखांच्या पॉलिशमध्येही आढळते. काचेची बरणी वापरा, झाकणाखाली ॲल्युमिनियमची पन्नी लावा आणि नमुना हाताळणाऱ्याने नेलपॉलिश लावलेले नसावे. ही सूचना वाचून हसू येते, पण प्रयोगशाळेत कोऱ्या नमुन्यात ट्रायफेनिल फॉस्फेट सापडले की तिचे महत्त्व पटते.

टप्पा ३ : बियाणे

एकदल आणि द्विदल असे किमान एकेक पीक घ्यावे. ज्वारी किंवा गहू, आणि जोडीला मोहरी किंवा हळीव, अशी जोडी सोयीची ठरते. हळीव आपल्याकडे लाडवांत जाते, परंतु ज्वारी, हळीव आणि पांढरी मोहरी ही जगभर वापरल्या जाणाऱ्या तयार विषारीपणा-चाचणी संचातील तीन ठरलेली बियाणी आहेत. हळीव भिजवून पेरू नये. ओले होताच त्याभोवती बुळबुळीत थर येतो, बिया एकमेकींना चिकटतात आणि त्यांची संख्या मोजता येत नाही. कोरडे बी चिमट्याने एकेक ठेवावे.

मूग घेण्याचा मोह होतो, कारण तो हमखास उगवतो. मात्र त्याच्या डाळिंब्यांत साठलेले अन्न रोपाला पहिले काही दिवस पोसते, आणि विषाचा परिणाम त्या काळात झाकला जातो. मोहरी-हळीव यांसारख्या बारीक बियांत तो लवकर उघड होतो. मूग घेतलाच तर चाचणीचा काळ कमी करू नये.

कृषी सेवा केंद्रातील बियाणे बहुधा बुरशीनाशकाने प्रक्रिया केलेले, गुलाबी किंवा निळसर रंगाचे असते. ते चालणार नाही. प्रक्रिया न केलेले, एकाच लॉटचे बियाणे मागून घ्या.

तपासणी : ओल्या गाळणकागदावर १०० बिया ठेवा. मूलांकुर २ मिलिमीटर बाहेर आला की बी उगवले असे धरा. उगवण ८५ टक्क्यांहून कमी असेल तर लॉट बदला. कुंडीत ती आणखी घसरते, आणि नियंत्रण कुंड्यांत किमान ७० टक्के उगवण झाली नाही तर संपूर्ण चाचणी बाद धरली जाते.

टप्पा ४ : मात्रांचे गणित

पाच मात्रा, प्रत्येक आधीच्या तिप्पट : किलोभर कोरड्या मातीमागे १०, ३०, ९०, २७० आणि ८१० मिलिग्रॅम. सोबत दोन नियंत्रणे हवीत, एक निव्वळ मातीचे आणि दुसरे ॲसिटोन टाकून उडवून दिलेल्या मातीचे. एकूण सात वर्ग, प्रत्येकी किमान चार कुंड्या, म्हणजे एका पिकामागे २८ कुंड्या. वरच्या मात्रा दूषित शेतात सहसा आढळणाऱ्या पातळीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. त्या परिणामाचा वक्र पूर्ण दिसावा यासाठी आहेत, शेताचे चित्र म्हणून नाहीत, आणि हा फरक शीर्षकातसुद्धा पुसला जाऊ नये.

प्रत्येक मात्रेसाठी एक किलो माती तयार करायची आहे. गणित असे :

१. १,२१५ मिलिग्रॅम टीबीबीपीए अचूक तोलून ॲसिटोनमध्ये विरघळवा आणि द्रावण ७५ मिलिलिटर करा. यात मिलिलिटरमागे १६.२ मिलिग्रॅम रसायन आहे.

२. त्यातील २५ मिलिलिटर काढून ॲसिटोनने पुन्हा ७५ मिलिलिटर करा (५.४ मिलिग्रॅम). हीच क्रिया पुढे आणखी तीन वेळा करा (१.८, ०.६ आणि ०.२ मिलिग्रॅम).

३. आता प्रत्येक बाटलीतील ५० मिलिलिटर द्रावणात अनुक्रमे ८१०, २७०, ९०, ३० आणि १० मिलिग्रॅम रसायन आहे, म्हणजे किलोला हवे तेवढेच. शेवटच्या बाटलीत २५ मिलिलिटर उरते, ते रासायनिक विश्लेषणासाठी ठेवा.

या मांडणीत निव्वळ मातीचे नियंत्रण सोडून प्रत्येक वर्गाला, ॲसिटोनच्या नियंत्रणालाही, नेमके ५० मिलिलिटर ॲसिटोन मिळते. मोठ्या मात्रेसाठी जास्त द्रावण ओतणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. तिथे मात्रा आणि ॲसिटोन दोन्ही एकदम वाढतात आणि परिणाम कोणाचा हे नंतर सांगता येत नाही.

टप्पा ५ : मातीत मिसळणे

द्रावण थेट मातीवर ओतू नका. ॲसिटोनने मातीतील सूक्ष्मजीव मरतात आणि रसायन ठिकठिकाणी गठ्ठ्याने बसते. आधी १०० ग्रॅम धुतलेल्या, वाळवलेल्या क्वार्ट्झ वाळूवर काचेच्या पसरट भांड्यात ५० मिलिलिटर द्रावण ओता, काचेच्या कांडीने हलवत राहा आणि फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात) रात्रभर ठेवून ॲसिटोन पूर्ण उडू द्या. नंतर ही वाळू ९०० ग्रॅम कोरड्या मातीत टप्प्याटप्प्याने मिसळा : आधी मूठभर मातीत, मग तिच्या दुप्पट मातीत, असे करत शेवटी सगळी माती एकजीव करा. निव्वळ मातीच्या नियंत्रणातही १०० ग्रॅम कोरी वाळू घालायची, नाहीतर तेथील मातीचा पोत वेगळा होईल.

सावधान : ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. ओव्हनमध्ये किंवा बर्नरजवळ ते उडवू नका. टीबीबीपीएला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग होण्याची दाट शक्यता असलेल्या २-ए गटात ठेवले आहे. कोरडी भुकटी तोलताना नायट्राइलचे हातमोजे आणि मुखपट्टी आवश्यक आहे.

तपासणी : वाळूला ॲसिटोनचा वास येत असेल तर अजून थांबा. मिसळलेल्या मातीच्या तीन कोपऱ्यांतून नमुने घेऊन विश्लेषणासाठी पाठवा. टीबीबीपीए व फॉस्फेट प्रकारांसाठी एलसी-एमएस-एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमानमापन), तर पीबीडीईसाठी जीसी-एमएस (वायू क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमानमापन) हे यंत्र लागते. डेकाबीडीई मोजायचे असेल तर लहान, साधारण १५ मीटरचा कॉलम (यंत्रातील संयुगे वेगळी करणारी नळी) आहे का हे आधी विचारा, कारण लांब कॉलममधील उष्णतेत ते विघटित होते. डेकाची माती प्रकाशातही ठेवू नका. प्रकाशाने त्याचे ब्रोमिन गळून खालच्या श्रेणीची संयुगे बनतात आणि तुम्ही भलत्याच रसायनाची चाचणी करू लागता.

मिश्रण आणि पेरणी यांत किती दिवस गेले हे नोंदवा आणि ते सर्व वर्गांना सारखे ठेवा. माती जितकी मुरते तितके रसायन घट्ट बसते आणि विषारीपणा कमी दिसतो.

टप्पा ६ : पेरणी आणि मांडणी

कुंड्या काचेच्या किंवा चकाकी दिलेल्या चिनी मातीच्या घ्याव्यात. साधी भाजलेल्या मातीची कुंडी सच्छिद्र असते, ती रसायनही शोषते आणि पाणीही. प्रत्येक कुंडीत २०० ग्रॅम माती भरल्यावर दर वर्गाची २०० ग्रॅम उरते. ती शेवटच्या विश्लेषणासाठी बंद बरणीत ठेवावी. ज्वारी, गहू किंवा मोहरीच्या पाच बिया पुरेशा होतात. दाटी झाली की रोपे एकमेकांशी स्पर्धा करतात, आणि जिथे विषाने काही रोपे मेली तिथे उरलेल्यांना जास्त जागा मिळून ती नियंत्रणापेक्षाही जोमदार दिसतात.

पाणी वरून ओतू नका, काचतंतूच्या वातीने खालून द्या. ते जमत नसेल तर कुंडी रोज तोलून घटलेले वजन भरून काढा आणि ओल जलधारण क्षमतेच्या ५० ते ६० टक्के राखा. काळ्या मातीत याहून जास्त पाणी म्हणजे गुदमरलेली मुळे, आणि कमी पाणी म्हणजे भेगांत तुटलेली मुळे. दोन्ही अवस्था विषबाधेसारख्याच दिसतात.

कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि आठवड्यातून दोनदा बदला. सगळी नियंत्रणे खिडकीजवळ आणि सगळ्या मोठ्या मात्रा भिंतीकडे, ही मांडणी अजूनही अनेक प्रकल्पांच्या छायाचित्रांत दिसते. तापमान १२ ते ३२ अंशांच्या दरम्यान हवे, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते मे या काळात शेडनेटमध्ये ही चाचणी करू नये. हिवाळ्यात तापमान साधते, पण दिवस अकरा तासांचा असतो, म्हणून एलईडी दिव्यांनी प्रकाश १६ तासांपर्यंत वाढवावा.

टप्पा ७ : निरीक्षण आणि कापणी

उगवण रोज ठरावीक वेळी मोजा. नियंत्रणातील निम्मी रोपे वर आली तो दिवस शून्य धरून तेथून १४ ते २१ दिवसांनी चाचणी संपवावी. पिवळेपणा, कडा करपणे, पान मुडपणे यांची नोंद शब्दांत आणि मोजपट्टीसह छायाचित्रांत ठेवा. टीसीईपीसारखे प्रवाही रसायन असेल तर पानांकडे अधिक लक्ष द्या. टीबीबीपीए किंवा पीबीडीईसाठी मुळे पाहा, कारण रसायन तिथेच अडते. टोक तपकिरी होणे, मुख्य मूळ आखूड राहणे आणि बाजूची मुळे विरळ होणे ही चिन्हे शेंडा हिरवा असतानाच दिसू शकतात.

शेंडा मातीलगत कापून लगेच ताजे वजन घ्या, नंतर ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. काळ्या मातीतून मुळे अखंड निघत नाहीत. त्यांची लांबी मोजायचीच असेल तर त्याच मात्रा मिसळलेल्या वाळूत वेगळ्या कुंड्या लावाव्यात. ओढून तोडलेल्या मुळांची सरासरी लिहू नये.

हरितद्रव्यासाठी वरून दुसरे पूर्ण उघडलेले पान प्रत्येक रोपातून सारख्याच जागेवरून घ्या, ८० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात कुटा आणि ६४५ व ६६३ नॅनोमीटरला शोषण मोजा. एकूण हरितद्रव्य = [(२०.२ × ६४५ चे शोषण) + (८.०२ × ६६३ चे शोषण)] × द्रावणाचे मिलिलिटर ÷ (१००० × पानाचे ग्रॅम). उत्तर दर ग्रॅम ताज्या पानामागे मिलिग्रॅममध्ये मिळते. पेशीपटलाची हानी पाहण्यासाठी मॅलॉनडायअल्डिहाइड मोजतात. त्यात ५३२ नॅनोमीटरच्या शोषणातून ६०० नॅनोमीटरचे शोषण वजा करायला विसरू नका, अन्यथा द्रावणातील गढूळपणाच हानी म्हणून नोंदला जातो.

सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज यांसारख्या ताणाशी झुंजणाऱ्या विकरांबाबत (एन्झाइम) एक सूचना. सौम्य ताणात त्यांची क्रिया वाढते आणि तीव्र ताणात कोसळते, त्यामुळे एकाच मात्रेचा आकडा काहीच सांगत नाही. पाचही मात्रांचा आलेख काढणे शक्य नसेल तर विकरे मोजूच नयेत. तो खर्च मातीच्या रासायनिक विश्लेषणावर केलेला बरा.

टप्पा ८ : आकड्यांचा अर्थ लावणे

प्रथम चाचणी वैध आहे का ते पाहा : नियंत्रणात उगवण ७० टक्क्यांहून आणि उगवलेल्यांपैकी जगलेली रोपे ९० टक्क्यांहून कमी नसावीत. मग दोन्ही नियंत्रणांची आपसात तुलना करा. त्यांत फरक आढळला तर तो ॲसिटोनचा परिणाम आहे, आणि पुढील सर्व तुलना ॲसिटोनच्या नियंत्रणाशीच करावी लागेल. फरक मोठा असेल तर चाचणी पुन्हा करणे हाच प्रामाणिक मार्ग.

संख्याशास्त्रीय एकक कुंडी आहे, रोप नव्हे. चार कुंड्यांतील वीस रोपांना वीस पुनरावृत्त्या मानले की नसलेला फरकही ‘लक्षणीय’ ठरतो. अनेक मात्रांची एका नियंत्रणाशी तुलना असल्याने सुट्या टी-चाचण्यांऐवजी डनेटची चाचणी वापरा. वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा वक्रावरून काढा आणि ती मोजलेल्या सांद्रतेवरून मांडा. तोलून टाकलेली आणि मातीत प्रत्यक्ष सापडलेली मात्रा सहसा वेगळी असते.

टप्पा ९ : शेतातील दूषित माती तपासायची असेल तर

येथे सगळे उलटे होते. रसायन आधीच मातीत आहे आणि ते एकटे नाही. ई-कचरा जाळलेल्या जागेच्या मातीत तांबे, शिसे, कॅडमियम आणि क्षारही असतात. मुळांची वाढ रोखण्यात तांबे एकटेच पुरेसे असते, त्यामुळे अशा मातीत मोहरी खुरटली एवढ्यावरून ज्वालारोधकाला दोषी ठरवता येत नाही.

नमुने ठिणग्या आणि धूर पडलेल्या बाजूला वेडेवाकडे फिरून १० ते १५ ठिकाणांहून घ्या. पृष्ठभागाचे ० ते ५ सेंटिमीटर आणि नांगरटीचा थर वेगवेगळा ठेवा. त्याच प्रकारची, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची माती तुलनेसाठी घ्या. पुढची पायरी महत्त्वाची आहे. दूषित मातीचे तीन भाग करा : एक जसाच्या तसा, दुसऱ्यात वजनाच्या एक-दोन टक्के सक्रिय कोळसा, तिसरा पाण्याने धुऊन क्षार कमी केलेला. कोळशाने रोप सुधारले तर संशय सेंद्रिय प्रदूषकांवर जातो. धुतल्याने सुधारले तर क्षारांवर, किंवा टीसीईपीसारख्या विद्राव्य रसायनावरही. दोन्हींनी सुधारले नाही तर आधी धातूंचे विश्लेषण करा. कोळसा अन्नद्रव्येही धरतो आणि धुण्याने नत्र वाहून जाते, म्हणून याच दोन प्रक्रिया स्वच्छ मातीवरही करायला हव्यात.

कोळशाने सुधारलेल्या मातीत पीबीडीई व टीबीबीपीए मोजले गेले, आणि स्वच्छ मातीत तेवढीच मात्रा मिसळून तशीच लक्षणे आली, तरच ‘ज्वालारोधकामुळे’ हा शब्द निष्कर्षात लिहावा.

टप्पा १० : विल्हेवाट

चाचणीची माती शेतात, कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. वाळलेली रोपे आणि गाळणकागद जाळूही नका, कारण ब्रोमिनयुक्त ज्वालारोधके उघड्यावर जळताना ब्रोमिनयुक्त डायऑक्सिन व फ्युरान ही अतिविषारी संयुगे तयार होऊ शकतात. माती, रोपे आणि हातमोजे बंद पिंपात, ॲसिटोनची धुवणे वेगळ्या काचेच्या बाटलीत, असे ठेवून दोन्हींवर रसायनाचे नाव, अंदाजे प्रमाण आणि तारीख लिहा. नंतर ते संस्थेमार्फत अधिकृत घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे पाठवा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी सामाईक केंद्रे आहेत. कचरा स्वीकारण्याच्या अटी आणि शुल्क प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरावे, कारण अनुदान संपल्यावर पिंप प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तसेच पडून राहते.